घरगुती जलतापकातील बिघाड

घरगुती जलतापकातील बिघाड म्हणजे स्नान, धुणीभांडी व स्वयंपाकघरातील वापरासाठी पाणी तापविणाऱ्या यंत्रात कालांतराने निर्माण होणारे दोष होत. बोलीभाषेत या यंत्राला गीझर असे म्हणतात. विजेवर, गॅसवर आणि सौर उष्णतेवर चालणारे असे त्याचे तीन प्रकार महाराष्ट्रात प्रामुख्याने आढळतात. कोणता दोष एखादा भाग बदलून दूर होतो, कोणत्या दोषामुळे संपूर्ण यंत्रच बाद होते आणि कोणत्या दोषात यंत्र त्याच क्षणी बंद करणे आवश्यक ठरते, हे तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे आहेत. व्यवहारात ते एकत्र मिसळले जातात. पाणी कोमट येऊ लागले की घरात लगेच धावपळ होते आणि नळाला हात लावताच येणाऱ्या झिणझिण्यांकडे मात्र महिनोन्महिने दुर्लक्ष होते. वस्तुतः पहिला दोष बहुधा किरकोळ असतो, तर दुसरा प्राणघातक ठरू शकतो.

नाव व पूर्वपीठिका

गीझर हा शब्द आइसलँडमधील गेयसिर या उसळत्या उष्णोदकाच्या झऱ्याच्या नावावरून आला आहे. लंडनमधील बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ साली गॅसवर चालणारे जलतापक तयार केले व त्याला हे नाव दिले. त्या यंत्राला धुराडे नव्हते, त्यामुळे ज्वलनातून निघणारे वायू न्हाणीघरातच साचत. पुढे १८८९ मध्ये मूळचे नॉर्वेचे व अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते एडविन रूड यांनी स्वयंचलित साठवण-जलतापक विकसित केले.

महाराष्ट्रात त्याआधीपासून पाणी चुलाणावरील हंड्यात किंवा तांब्याच्या बंबात तापवले जात असे. बंबाच्या मधोमध धुराडे असते आणि त्यात लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या अथवा कोळसा जाळतात. धूर डोळ्यांना झोंबत असल्यामुळे बंब अंगणात किंवा मागील पडवीत ठेवण्याची रीत पडली. बंबाचे बिघाड ओळखण्यास सोपे होते: गळका बंब कासाराकडे जाई आणि डाख देऊन परत येई. तांब्याची टाकी असलेले जुने विजेचे गीझरही याच प्रकारे दुरुस्त करता येत. त्यामुळे कोणतीही गळती बुजवता येते अशी जी समजूत रूढ झाली, ती आजच्या टाक्यांना लागू पडत नाही.

रचना

विजेच्या साठवण-जलतापकात एक बंद टाकी, तिच्याभोवती उष्णतारोधक फेसाचा थर आणि बाहेर पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे आवरण असते. घरगुती टाक्या सामान्यतः ६, १०, १५ व २५ लिटर क्षमतेच्या असतात. टाकी पोलादाची असून आतून काचेसारख्या मुलाम्याने मढवलेली असते किंवा ती स्टेनलेस स्टीलची बनवलेली असते. खालच्या झाकणातून आत गेलेल्या तापक घटकाला बाजारात कॉइल किंवा एलिमेंट म्हणतात. त्यात नायक्रोमची तार असते. या तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली असते आणि सर्वांत बाहेर तांब्याची नळी असते. भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, मात्र वीज बाहेर जाऊ देत नाही.

ठरावीक तापमानाला वीज तोडण्याचे व पाणी निवल्यावर पुन्हा जोडण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. तो निकामी झाल्यास पाणी उकळण्यापूर्वीच वीजप्रवाह तोडणारा कटआउट हा दुसरा रक्षक असतो. दोन्ही निकामी झाल्यास वाढलेला दाब बाहेर सोडणारी सुरक्षा झडप हा तिसरा रक्षक होय. याशिवाय मुलामा असलेल्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. तिला ॲनोड म्हणतात.

थंड पाणी टाकीच्या तळाशी येते आणि गरम पाणी वरच्या भागातून बाहेर पडते. म्हणजे नळ उघडल्यावर आत येणारे थंड पाणीच गरम पाण्याला बाहेर ढकलते. ही साधी गोष्ट ध्यानात असली तर पुढील अनेक लक्षणांचा उलगडा होतो.

पाणी पुरेसे न तापणे

ही सर्वांत सामान्य तक्रार आहे आणि पुष्कळदा ती बिघाडाची नसतेच. १५ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून ६० अंशांपर्यंत तापविण्यास २ किलोवॉटच्या जलतापकाला सुमारे १८ मिनिटे लागतात व त्यासाठी सुमारे ०.६ युनिट वीज खर्च होते. हिवाळ्यात नळाचे पाणी १५ अंशांवर आले की हाच कालावधी साडेतेवीस मिनिटांपर्यंत जातो. शिवाय ६० अंशांचे १५ लिटर पाणी २५ अंशांच्या पाण्यात मिसळल्यास ४० अंशांचे सुमारे ३५ लिटर पाणी मिळते; १५ अंशांच्या पाण्यात मिसळल्यास केवळ २७ लिटर मिळते. दिवाळीपर्यंत दोघांना पुरणारे गीझर पौषात एकालाच पुरू लागले, तर त्यात यंत्राचा दोष नाही.

विजेचा दाब हेही एक कारण असते. तापकाची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाल्यास २ किलोवॉटचा तापक जेमतेम सव्वा किलोवॉट उष्णता देतो आणि अठरा मिनिटांचे काम अर्ध्या तासावर जाते. ग्रामीण भागात संध्याकाळी मंद चालणारे गीझर पहाटे नीट चालत असेल, तर कारागिराला बोलावण्यापूर्वी या शक्यतेचा विचार करावा.

या दोन्ही शंका फिटल्यावर यंत्राकडे वळता येते. बहुतेक नमुन्यांत दोन दिवे असतात: एक वीज आल्याचे, तर दुसरा तापन चालू असल्याचे दाखवतो. एकही दिवा लागत नसेल तर प्रथम खटका, प्लग व सॉकेट तपासावे. वीज आल्याचा दिवा लागतो, पण पाणी थंड असूनही तापनाचा दिवा लागत नाही, अशा वेळी थर्मोस्टॅट किंवा कटआउट यांपैकी एकाने प्रवाह तोडलेला असतो. तापनाचा दिवा लागूनही पाणी थंडच राहत असेल तर तापकाची तार तुटली आहे असे समजावे. बहुमापीने मोजल्यास २ किलोवॉटच्या चांगल्या तापकाचा रोध सुमारे २६ ओहम भरतो; तुटलेल्या तापकाचा रोध मोजताच येत नाही. हे मोजमाप अर्थातच वीज पूर्णपणे तोडून जाणकारानेच करावयाचे असते. तापक व थर्मोस्टॅट हे दोन्ही भाग बदलता येतात आणि टाकी शाबूत असेल तर ते बदलणेच योग्य ठरते.

कटआउटविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. त्याचे बटण दाबले की यंत्र पुन्हा सुरू होते. त्यामुळे काही कारागीर तेवढेच करून निघून जातात. परंतु कटआउट उगाच उडत नाही. तो उडाला याचा अर्थ थर्मोस्टॅटने आपले काम केले नाही किंवा तापकावर क्षारांचे जाड पुट चढले आहे किंवा टाकीत पाणी नव्हते. हे कारण न शोधता बटण दाबणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे कटआउट वगळून तारा थेट जोडणे, ही दुरुस्ती नव्हे.

टाकी रिकामी होण्याचा प्रकार पाणीकपातीच्या दिवसांत घडतो. थंड पाण्याच्या वाटेवरील एकदिश झडप नादुरुस्त असल्यास इमारतीच्या नळांतील पाणी ओसरताना गीझरमधील पाणीही मागे ओढले जाते आणि कोरडा तापक काही क्षणांत जळतो. म्हणून पाणी पुन्हा आल्यावर आधी गरम पाण्याचा नळ उघडून धार अखंड येते याची खात्री करावी, मगच वीज सुरू करावी. थंड पाण्याच्या नळातून अधूनमधून गरम पाणी येणे हे याच झडपेच्या बिघाडाचे पूर्वचिन्ह आहे.

दुष्फेन पाणी व क्षारांचा थर

दख्खनच्या काळ्या खडकातून मिळणारे विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन म्हणजे जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानले जाते आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. अशा पाण्यातील विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर विघटन पावते व अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट तापकावर बसते. हंड्याच्या आत धरणारे पांढरे किटण हेच होय.

थर जाड झाला की पाणी तापताना टाकीतून खदखद किंवा खडखड असा आवाज येऊ लागतो. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते, त्याचा तो आवाज असतो. नळाच्या जाळीत पांढऱ्या खपल्या अडकणे हे त्याचे दुसरे लक्षण आहे. थरामुळे तापकाची उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येतो, तार प्रमाणाबाहेर तापते आणि शेवटी तापक जळतो. क्षारांमुळे वीजबिल खूप वाढते असे सर्रास सांगितले जाते. विजेच्या जलतापकाबाबत ते फारसे खरे नाही. तापक पाण्यातच बुडालेला असल्याने त्याची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. बिल अनपेक्षितपणे वाढले असेल तर थर्मोस्टॅट न तुटणे, गरम पाण्याची अदृश्य गळती किंवा उष्णतारोधक थर भिजणे ही कारणे आधी पाहावीत. बाहेरचे आवरण हाताला सतत ऊन लागणे ही थर भिजल्याची खूण होय. गॅस गीझरमध्ये मात्र नळीत क्षार बसल्यास उष्णता खरोखरच धुरावाटे वाया जाते.

क्षार काढण्यासाठी टाकी रिकामी करून खालचे झाकण उघडावे लागते. तापक सायट्रिक आम्लासारख्या सौम्य आम्लाने स्वच्छ करता येतो. फरशी धुण्याच्या तीव्र आम्लाने थर लवकर निघतो, पण तांब्याची नळीही खाल्ली जाते. झाकण एकदा उघडले की जुने रबरी गॅस्केट पुन्हा वापरू नये. त्याच वेळी ॲनोडही पाहून घ्यावा. मॅग्नेशियम पोलादापेक्षा लवकर झिजते आणि मुलाम्याला सूक्ष्म तडा गेला तरी टाकीऐवजी स्वतः झिजून तिला वाचवते. कांडी निम्म्याहून अधिक झिजली असेल किंवा तिच्यातील मधली तार दिसू लागली असेल तर ती बदलावी. वर्षा-दोन वर्षांतून एकदा ती पाहणे इष्ट असते. जड पाण्याच्या गावी वर्षातून एकदा तरी पाहावीच. टाकीच्या तुलनेत ही कांडी अगदी स्वस्त असते. परंतु ती आत असते हेच बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसते आणि विक्रेतेही ते क्वचितच सांगतात.

विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, भूजल खारे आहे. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक छिद्रे पडतात. त्यामुळे अशा भागात टाकी निवडताना तिच्या नावातील 'स्टेनलेस' या शब्दावर विसंबून राहता येत नाही.

रंग, वास व गंज

गरम पाणी तांबूस येऊ लागल्यास दोन बादल्यांची साधी परीक्षा उपयोगी पडते. एका बादलीत केवळ थंड व दुसऱ्या बादलीत केवळ गरम पाणी घ्यावे. दोन्ही तांबूस असल्यास दोष इमारतीच्या लोखंडी नळांत किंवा गच्चीवरील टाकीत आहे. केवळ गरम पाणीच तांबूस असेल आणि काही बादल्या काढल्यावरही तसेच राहिले, तर जलतापकाची टाकी आतून गंजत आहे. या अवस्थेत ॲनोड बदलल्याने थोडा अवधी मिळू शकतो, परंतु गंजलेला भाग पूर्ववत होत नाही.

गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येणे हे हायड्रोजन सल्फाइडचे लक्षण आहे. पाण्यातील सल्फेटवर जगणारे जीवाणू कोमट व दीर्घकाळ साचलेल्या पाण्यात वाढतात आणि मॅग्नेशियमच्या कांडीमुळे त्यांना पोषक स्थिती मिळते. गावाला जाऊन महिनाभराने परतलेल्या कुटुंबाला हा अनुभव येतो. टाकी रिकामी करून, नव्या पाण्याने धुऊन व पाणी ६० अंशांपर्यंत तापवून हा वास सहसा जातो. त्यासाठी यंत्र बदलण्याचे कारण नाही. फुप्फुसांना बाधा करणारे लिजिओनेला जीवाणूही साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात. वीज वाचविण्यासाठी थर्मोस्टॅट कायमचा ४० अंशांवर ठेवणे या कारणाने योग्य मानले जात नाही.

गळती

गळती कोठून होते यावर सर्व काही अवलंबून असते. म्हणून प्रथम यंत्र कोरड्या फडक्याने पुसून, जोडांभोवती कागद गुंडाळून कोणता कागद आधी भिजतो ते पाहावे. नळ्यांच्या जोडातून गळत असेल तर वॉशर किंवा लवचीक नळी बदलून काम भागते. खालच्या झाकणाच्या कडेतून थेंब येत असतील तर गॅस्केट जीर्ण झालेले असते. हा भागही सहज मिळतो. मात्र जोड व झाकण कोरडे असून बाहेरच्या आवरणाच्या फटीतून पाणी झिरपत असेल, पाण्याबरोबर तांबूस ओघळ किंवा भिजलेल्या फेसाचे कण येत असतील, तर आतली टाकी फुटली आहे.

मुलामा असलेली टाकी डाख देऊन किंवा वेल्डिंग करून दुरुस्त होत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासचा मुलामा तडकतो आणि नवीन छिद्र जवळच पडते. बाहेरून रासायनिक लुगदी लावून गळती थांबल्यासारखी वाटली, तरी ती टाकी दाबाखाली चालते, हे विसरता येत नाही. फुटलेली टाकी म्हणजे यंत्राचा शेवट, असे मानणेच श्रेयस्कर.

दाब व सुरक्षा झडप

सुरक्षा झडपेतून पाणी तापताना काही थेंब पडणे हा बिघाड नव्हे. पाणी २५ पासून ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे १.४ टक्के प्रसरण पावते. म्हणजे १५ लिटरमागे साधारण २०० मिलिलिटर, एक पेलाभर पाणी जास्त होते. एकदिश झडपेमुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून बाहेर पडते. यंत्र बंद व थंड असतानाही थेंब थांबत नसतील, तर झडप झिजली आहे किंवा इमारतीतील पाण्याचा दाब अधिक आहे. दर १० मीटर उंचीमागे दाब सुमारे १ बारने वाढतो. उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर म्हणूनच दाब कमी करणारी झडप बसवावी लागते आणि गीझरच्या पाटीवर लिहिलेली दाबाची मर्यादा पाहावी लागते.

थेंबांचा त्रास नको म्हणून झडपेचे तोंड मेणाने, बूच मारून किंवा लांबीने बंद केल्याची उदाहरणे आढळतात. या एका कृतीमुळे घरातील गीझर बंद बॉयलर होऊन बसतो. थर्मोस्टॅट व कटआउट दोन्ही निकामी झाल्यास दाब वाढत जातो, पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही द्रवरूप राहते आणि टाकी फाटताच त्याची क्षणार्धात वाफ होते. सामान्य दाबाखाली एक लिटर पाण्यापासून सुमारे १,७०० लिटर वाफ तयार होते. गीझर फुटून न्हाणीघराची भिंत कोसळते ती या कारणाने. नळातून पाण्याऐवजी वाफेचे फुत्कार येणे किंवा सुरक्षा झडपेतून उकळते पाणी उसळणे हे या संकटाचे अखेरचे इशारे आहेत. अशा वेळी यंत्राजवळ न जाता मुख्य खटका बंद करावा.

विजेचा धक्का

तापकाच्या तांब्याच्या नळीला केसाएवढी चीर पडली तरी पाणी आतील भुकटीत शिरते आणि वीज पाण्यात उतरते. अर्थिंग चांगले असेल तर हा प्रवाह जमिनीत जातो व ३० मिलिअँपिअर क्षमतेचा आरसीसीबी क्षणात वीज तोडतो. अर्थिंग तुटलेले असेल तर पाणी, धातूचा नळ व शॉवर यांत वीज उतरते आणि ओल्या अंगाने उभा असलेला माणूस हाच तिचा जमिनीकडे जाण्याचा मार्ग बनतो.

म्हणून नळाला हात लावताच झिणझिण्या येणे, कितीही सौम्य असले, तरी ते यंत्र त्याच क्षणी बंद करण्याचे कारण आहे. ओल्या हाताने भिंतीवरील खटका बंद करण्याऐवजी बाहेर येऊन मुख्य खटका बंद करावा. केवळ भिंतीवरचा खटका नेहमी पुरेसा नसतो: वायरिंग उलटे असल्यास तो न्यूट्रल तोडतो व तापक जिवंतच राहतो. स्नानापूर्वी गीझर बंद करण्याची अनेक घरांतील शिस्त चांगली असली, तरी या कारणाने ती अर्थिंगला पर्याय ठरत नाही. भारतीय प्लगमधील तिसरी पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब व जाड असते. ती केवळ सॉकेटच्या आकारासाठी नसून अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे व सर्वांत शेवटी सुटावे यासाठी तशी ठेवलेली आहे.

खटके कसे उडतात यावरूनही दोष ओळखता येतो. आरसीसीबी उडत असेल तर गळणारी वीज हे कारण असते आणि संशय प्रथम तापकावर घ्यावा. एमसीबी यंत्र सुरू करताच उडत असेल तर कोठेतरी थेट जोड झाला आहे. काही मिनिटांनी उडत असेल तर एमसीबीची क्षमता अपुरी असते किंवा एखादा जोड सैल होऊन तापतो. २ किलोवॉटचा जलतापक सुमारे ८.७ अँपिअर व ३ किलोवॉटचा सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. तो १६ अँपिअरच्या सॉकेटवर, पुरेशा जाडीच्या तारेने जोडावा लागतो. काळवंडलेला किंवा वितळलेला प्लग दिसल्यास दोष बहुधा सॉकेटात असतो, गीझरात नव्हे. आरसीसीबी वारंवार उडतो म्हणून तो काढून टाकणे किंवा अर्थिंगची तार सोडवून ठेवणे हा उपाय काही ठिकाणी सुचवला जातो. यात यंत्र चालू होते आणि त्यापासून माणसाचे रक्षण करणारी एकमेव व्यवस्था नाहीशी होते.

दुरुस्ती की बदल

चांगल्या देखभालीत साठवण-जलतापक साधारणपणे ८ ते १० वर्षे चालतो. जड पाण्यात हे आयुष्य बरेच घटते. तापक, थर्मोस्टॅट, कटआउट, गॅस्केट, ॲनोड, सुरक्षा झडप व तारा हे सर्व भाग बदलण्याजोगे आहेत. टाकी व उष्णतारोधक थर हे नाहीत. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल तर नवे घ्यावे, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. तो वयाबरोबर वापरावा लागतो: तीन वर्षांच्या यंत्रात तापक जळणे ही दुरुस्ती, तर नऊ वर्षांच्या यंत्रात तोच तापक दोन वर्षांत दुसऱ्यांदा जळणे ही सूचना असते. टाकीवरील हमी बहुधा इतर भागांवरील हमीपेक्षा दीर्घ असते, त्यामुळे गळक्या टाकीबाबत खरेदीची पावती आधी शोधावी. १ किंवा ३ लिटरच्या तात्काळ जलतापकाबाबत हा विचार फारसा करावा लागत नाही. त्यांची किंमत कमी असल्याने टाकीचा दोष आढळताच ते बदलले जातात.

नवे यंत्र घेताना आयएसआय चिन्ह असलेलेच घ्यावे. साठवण-जलतापकासाठी भारतीय मानक २०८२ लागू आहे. नव्या यंत्राला जुनी झडप व जुन्या लवचीक नळ्या जोडू नयेत. १५ लिटरची भरलेली टाकी यंत्राच्या वजनाखेरीज पाण्याचे १५ किलो वजन भिंतीवर टाकते, तेव्हा जुने गंजलेले खिळेही बदलणे आवश्यक असते.

गॅस गीझर

गॅस गीझरमध्ये साठवण टाकी नसते. वाहते पाणी तांब्याच्या नळीतून ज्योतीवर तापते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापविण्यास सुमारे साडेदहा किलोवॉट शक्ती लागते, म्हणजे पाच मोठ्या विजेच्या गीझरांएवढी. एवढ्या ज्योतीला १० मिनिटांत सुमारे २ घनमीटर हवा लागते. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व २.४ मीटर उंच स्नानगृहात एकूण हवाच सुमारे ७ घनमीटर असते. दार व खिडकी बंद असल्यास प्राणवायू घटतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही व वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे व हातापायांतील बळ जाणे ही लक्षणे स्नानाच्या थकव्यासारखी वाटतात आणि बाधित व्यक्तीला दाराची कडीही काढता येत नाही. महाराष्ट्रातील शहरांमधून हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येत असतात. मृतांत तरुण व निरोगी माणसेही असतात.

या कारणाने गॅस गीझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे हाच नियम आहे. स्नानगृहात बसवलेले यंत्र नवेकोरे व निर्दोष असले तरी ते जागा बदलण्यास पात्र आहे. चालू यंत्रात निळ्या ज्योतीऐवजी पिवळी ज्योत दिसणे, आवरणावर काजळी धरणे, ज्योत उशिराने भक्कन पेटणे आणि नळ बंद केल्यावरही ज्योत न विझणे ही चार लक्षणे गंभीर आहेत. त्यांपैकी एकही दिसल्यास गॅसची झडप बंद करून यंत्र तपासून घ्यावे. याउलट ठिणगीचा टकटक आवाजच येत नसेल तर पुष्कळदा दीड व्होल्टच्या दोन बॅटऱ्या संपलेल्या असतात. पाण्याचा दाब कमी असल्यासही ज्योत पेटत नाही. गॅसचा वास आल्यास विजेचा कोणताही खटका चालू अथवा बंद करू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. गॅसची रबरी नळी वरून चांगली दिसली तरी पाच वर्षांनी बदलावी.

स्नानगृहातून हाकेला उत्तर न मिळाल्यास दार तोडून व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा व तत्काळ रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर आलेल्या व्यक्तीलाही प्राणवायू देण्याची आवश्यकता असू शकते.

सौर जलतापक

गच्चीवरील काचनलिकांच्या सौर जलतापकात बिघडण्याजोगे भाग थोडे असतात. प्रत्येक नलिका दोन काचांची असून मधली जागा निर्वात असते. नलिकेच्या बंद टोकाशी बेरियमचा चंदेरी थर दिसतो. नलिकेला तडा जाऊन हवा आत शिरली की हा थर दुधाळ पांढरा होतो. पाणी कमी तापत असेल तर पांढऱ्या टोकाच्या नलिका मोजून तेवढ्याच बदलाव्यात. जड पाण्यामुळे नलिकांच्या आत क्षार साचतात, तर बाहेरील धुळीमुळे ऊन कमी पोहोचते. ढगाळ दिवशी पाणी कोमट येणे हा दोष नव्हे.

दाबरहित टाकीवरील उभी वायुनलिका हा या यंत्रातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. तिच्यात पक्ष्यांनी काड्या भरल्या किंवा क्षारांनी ती बुजली, तर टाकीतून पाणी वेगाने निघताना आत हवा येऊ शकत नाही आणि बाहेरील हवेच्या दाबाने टाकी डब्यासारखी आत चेपते. चेपलेली टाकी सरळ करता येत नाही. वायुनलिका मोकळी आहे ना, हे पावसाळा संपल्यावर एकदा गच्चीवर जाऊन पाहावे.